खळ्यातले बूट

माझ्या उजव्या पायाला चारच बोटं आहेत, आणि जे पाचवं नाही त्याच्या जोरावर माझी पुढची सगळी नोकरी झाली. संपादकांचा 'कारखान्यातल्या दिवसांबद्दल काहीतरी लिहा' असा निरोप आला तेव्हा मी घरात विचारलं, काय लिहू? मंडळी पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारताय काय? बोटाचंच लिहाल." त्यांचंही चुकलं नाही. पण बोटाची गोष्ट मी आयुष्यात इतक्यांदा सांगितली आहे की नुसती तीच छापली तर दापोडीपासून आकुर्डीपर्यंतची निम्मी जुनी माणसं अंक मिटून फराळाकडे वळतील. म्हणून आज बोटाची गोष्ट थोडी, आणि ती कुणाला कशी सांगावी हे मला ज्या माणसामुळे कळलं त्याची जास्त.

आधी कामाचं सांगतो, कारण 'इन्स्ट्रक्टर' म्हटलं की लोकांना फार मोठं काहीतरी वाटतं. पन्नास सालानंतर मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माळावर एकेक कारखाना उभा राहायला लागला. आमचा चिंचवडच्या पुढे. पत्रे बसत होते, खांबांना रंग लागत होता आणि त्याच वेळी भरतीही चालू होती. माणसं कुठून कुठून यायची. मावळातली, खेडकडची, कोकणातली, बीड-उस्मानाबादकडची, पिंपरीच्या छावणीतले सिंधी. बहुतेकांनी त्याआधी मोट, नांगर किंवा फार तर पिठाची गिरणी पाहिलेली. त्यांना मशीनशी कसं वागायचं ते शिकवणं हे माझं काम. धोतर घरी ठेवून पँट घालून यायचं, बाह्या कोपराच्या वर, गळ्यातला गोफ सदऱ्याच्या आत, अंगठी खिशात, ग्राइंडरवर बसताना डोळ्यांना चष्मा आणि पायात कंपनीने दिलेले बूट. दर सोमवारी सकाळचा भोंगा झाला की नव्या माणसांना उभं करून मी थोडा वेळ बोलायचो. त्यावरून सगळे मला मास्तर म्हणायला लागले, ते आजतागायत.

सुरुवातीला मी नियम सांगायचो. इंग्रजी पुस्तकातून उतरवून काढलेले, क्रमाने. माणसं अगदी मान डोलवून ऐकायची. सत्यनारायणाच्या पोथीला डोलवतात तशी. पोथी संपली की प्रसाद घेऊन जो तो आपल्या वाटेने. अर्ध्या तासाने मशीन शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, चक्कर मारावी तर बाह्या खाली, चष्मे खुंटीला.

एकदा वैतागून मी बूट काढला, मोजा काढला आणि पाय समोरच्या खोक्यावर ठेवला. सगळे एकदम पुढे सरकले. तेव्हा पहिल्यांदा बोटाची गोष्ट सांगितली. ती अशी. मी आधी दापोडीला एका लहानशा वर्कशॉपात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, होतो. लेथच्या तोंडाशी कातायचा तुकडा पकडून ठेवणारी जाडजूड लोखंडी थाळी असते, तिला चक म्हणतात. ती उतरवताना खाली लाकडी फळी टाकायची असते. त्या दिवशी बायकोला माहेराहून आणायला जायचं होतं, तेव्हाच्या खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. मी घाईत होतो, फळी टाकली नाही, पायात साध्या चपला. चक सटकला. मी दवाखान्यात आणि ती खेडच्या स्टँडवर पत्र्याच्या पेटीवर बसून संध्याकाळपर्यंत वाट बघतेय.

त्या सोमवारी एकाही माणसाच्या बाह्या खाली आल्या नाहीत. मला वाटलं, सापडलं! मग काय विचारता, मी सुटलोच. कॅन्टीनमध्ये बोट, युनियनच्या बैठकीत बोट, नव्या फोरमनच्या स्वागताला बोट. प्रत्येक वेळी गोष्ट जरा जरा वाढायची. चक जड व्हायचा, रक्त जास्त सांडायचं, डॉक्टर अधिक गंभीर व्हायचे. कोकणातला एक हेल्पर असा होता की माझं संपायच्या आत त्याचं सुरू. त्याच्या गावात कुणाचं बोट नव्हे तर हात गेलेला, कुणाचा हात नव्हे तर माणूसच गेलेला. आमच्या दोघांची अशी जुंपायची की ऐकणारे जेवायचं विसरायचे, आणि नियम कुठला हे आम्हीही विसरायचो.

मला भानावर आणलं करीमभाईंनी. करीमभाई आमचे फिटर, वयाने माझ्यापेक्षा मोठे, दापोडीतच राहायचे. आम्ही दोघं सायकलवरून बरोबर जायचो-यायचो. एक दिवस चढावर सायकली हातात धरून चालताना ते म्हणाले, "मास्तर, बोट एकच गेलं ना तुमचं? गोष्टीत तर आता पायच चाललाय." मी चिडलो. म्हटलं, मग तुम्ही सांगा सोमवारी. ते म्हणाले, सांगतो.

त्यांनी सांगितलेली गोष्ट मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "मी ग्राइंडरवर चष्मा न लावता बसलो. ठिणगी गेली. डॉक्टरने दोन्ही डोळे बांधून घरी बसवलं. त्याच दिवसांत माझी मुलगी पहिल्यांदा चालली. घरातल्या सगळ्यांनी बघितलं, मी पावलांचा आवाज ऐकला." एवढंच. मी वाट बघत होतो की आता ते 'म्हणून बाबांनो' म्हणतील. ते टोपी सारखी करून कामाला निघूनही गेले. ग्राइंडरवरची माणसं उठली आणि खुंटीवरचे चष्मे घेऊन आली. त्यांतल्या एकाला नुकतीच मुलगी झाली होती. तो चष्मा लावताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

परतताना मी विचारलं, शेवटी चष्मा लावा असं का नाही सांगितलंत? करीमभाई हसले. "ते तर त्यांना माहीतच होतं, मास्तर." तेव्हापासून मी माझ्या गोष्टीला कात्री लावली. रक्त काढलं, डॉक्टर काढले, नंतर वर्कशॉपात काय झालं तेही काढलं. फळी, चपला, पेटीवर बसलेली बायको, एवढंच ठेवलं. लिहिण्याच्या बाबतीतही त्यांनीच कान धरला. आमचे वर्क्स मॅनेजर देवधरसाहेब यांनी एकदा हुकूम दिला की ही हकिकत फळ्यावर लिहून शॉपच्या दारात लावा. मी लिहिलं, 'एका कामगाराने योग्य ती दक्षता न घेतल्यामुळे त्याच्या पायास गंभीर इजा झाली.' करीमभाईंनी फळा वाचला आणि मला विचारलं, "कोण हो हा? ओळखीचा आहे?" मी म्हटलं, मीच की! "मग 'मी' लिहायला काय खडू कमी पडला?" मी फळा पुसला आणि 'मी घाईत होतो' अशी सुरुवात करून पुन्हा लिहिला. लोक थांबून वाचायला लागले. देवधरसाहेबांना तेवढं बरं वाटलं नाही, त्यांच्या मते त्यात भारदस्तपणा राहिला नव्हता.

तर असा मी आपल्या कलेत तयार झालो होतो, आणि मला वाटत होतं की आता आपल्याला कुठलाही माणूस दोन मिनिटांत पटवता येतो. त्याच सुमारास सावळेरामतात्या भरती झाले.

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक वाडी होती. तिथल्या लोकांच्या जमिनी कारखान्याला गेल्या आणि बदल्यात घरटी एकाला नोकरी मिळाली. त्यात हे तात्या आणि वाडीतली आठ-दहा तरणी पोरं. तात्या चाळिशी ओलांडलेले, उंच, मिशा भरघोस, बोलणं कमी. त्यांचं काम ओतीव जॉब, म्हणजे कातायचे लोखंडी तुकडे, हातगाडीवरून लेथपाशी आणून द्यायचं. काम चोख. पण त्यांची भरती झाली त्याच आठवड्यात देवधरसाहेब सकाळी मशीन शॉपच्या दाराशी आले आणि थबकले. दाराबाहेर कंपनीचे कोरे करकरीत बूट ओळीने लावून ठेवलेले. साहेबांनी मला विचारलं, "आत कीर्तन आहे का?"

आत तात्या आणि त्यांची सगळी पोरं अनवाणी. लेथवरून लोखंडाचा कीस पडतो तो कुरळा, धारदार आणि निघताना लालबुंद तापलेला असतो. त्यातून ही माणसं अंगणात चालावं तशी चालत होती. मी ओरडलो तेव्हा तात्यांनी हातगाडी थांबवून शांतपणे सांगितलं, "मास्तर, जितं प्वाट भरतं तितं पायतान घालून जात न्हाईत. खळ्यात जातू का आपुन पायतान घालून?"

ज्यांनी खेडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक कापून आणल्यावर मळणीसाठी शेतात जमीन चोपून, शेणाने सारवून गोल जागा करतात, ते खळं. तिथे धान्याची रास पडते, म्हणजे लक्ष्मीच येते. खळ्यात पाटील असो की पाटलाचा बाप, चप्पल बाहेर काढून ठेवतो. मीही लहानपणी आजोळी तसंच केलेलं आहे. त्यामुळे तात्यांचं म्हणणं मला कळलं, आणि कळलं म्हणूनच माझी पंचाईत झाली. अडाणीपणा असता तर दटावता आलं असतं.

चार-सहा दिवस मी समजावलं. मग वाडीतल्या एका पोराच्या टाचेत कीस घुसला. जखम साधी होती, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन भागलं, पण देवधरसाहेब हादरले. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "येत्या सोमवारी जो अनवाणी दिसेल त्याला गेटबाहेर काढणार. पहिला तो सावळेराम. तो गेला की पोरं आपोआप बूट घालतील." मी म्हटलं, साहेब, त्यांची जमीन इथेच गेलीय, नोकरी गेली तर त्या माणसाने जायचं कुठे? साहेब म्हणाले, "आणि पाय गेला तर? त्याच्या घरी तोंड दाखवायला मीच जायचंय ना?" साहेब काही दुष्ट नव्हते.

म्हणजे सोमवारपर्यंत तात्यांच्या पायात बूट चढले नाहीत तर त्यांची भाकरी जाणार, आणि ते चढवण्याचं काम माझ्याकडे. मी फार काळजी केली नाही. माझ्याकडे माझी गोष्ट होती, छाटून-तासून तयार.

दुपारच्या सुट्टीत तात्या बाभळीखाली पोरांबरोबर भाकरी सोडून बसले होते. मी शेजारी बसलो, बूट काढला आणि सांगितली. फळी, चपला, बायको पेटीवर. बरोबर जागी थांबलो. तात्यांनी माझ्या पायाकडे नीट बघितलं. तोंडातला घास गिळला. "लई दुखलं आसंल," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पर मास्तर, तुमी चपला घालूनच ग्येला व्हता न्हवं मशीनपाशी?"

"हो."

"मंग त्येच तर."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन क्षण लागले. पोरांच्या डोक्यात माझ्या आधी पडला. त्यांतलं एक दुसऱ्याला हळूच म्हणालं, "बग की, पायतान घालून ग्यालं मास्तर, मशीननं बोटच घ्येतलं." भाकरी तिथेच राहिली आणि ती गोष्ट शॉपभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर बुटांची ओळ वाढलेली. खेडकडची, मावळातली जी पोरं आतापर्यंत मुकाट बूट घालत होती त्यांनीही काढून ठेवले! इतकी वर्षं जी गोष्ट सांगून मी लोकांच्या पायात बूट घातले, तिनेच ते काढून घेतले. करीमभाई हसून हसून खाली बसले. मला हसूही येईना आणि रडूही. शनिवार उजाडला होता.

त्या दिवशी परतताना मी करीमभाईंना विचारलं, आता काय करू? तुमची डोळ्यांची गोष्ट सांगता का त्यांना? ते गंभीर झाले. "मास्तर, तुम्ही त्या माणसाला इतक्यांदा सांगितलंत. विचारलंत का एकदा तरी?"

"विचारायचं काय? खळ्याचं सांगितलं की त्यांनी."

"ते सगळ्यांचं. त्याचं काय ते विचारा."

सायकल तिथूनच वळवली. शॉप बंद झालं होतं, पण वाडीतली माणसं मागल्या अंगाने घरी जायची, म्हणून तात्या अजून आवारातच असणार हे मला ठाऊक होतं. ते शॉपच्या मागच्या दाराशी झाडणाऱ्या माणसाला कीस भरायला हात लावत होते. मी म्हटलं, "तात्या, सोमवारचं कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय."

"मग? बाकी कुणाला नको, मला तरी सांगा. एवढं काय आहे?"

त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि मला आत नेलं. मशीन थंड पडली होती. दोन लेथच्या मध्ये छपराचा एक लोखंडी खांब आहे, त्याला हात टेकून ते उभे राहिले. खळ्याच्या मधोमध एक खुंटा रोवतात, मळणीचे बैल त्याच्याभोवती फिरतात, त्याला तिवडा म्हणतात. तात्या म्हणाले, "हितं तिवडा व्हता. माज्या बानं रवलेला. माजं खळं हाय हे, मास्तर. सायबाच्या लोकांनी खांब रवाया खड्डा घेतला, त्यो नेमका त्येच्याच जागी. म्यां उभा राहून बगितलं. तवा एक शब्द बोललू न्हाई." मग म्हणाले, "आता पायतान घालून फिरू व्हय हितं?"

मी बोलून पोट भरणारा माणूस. दर सोमवारी मी ज्या जागी उभा राहून व्याख्यान झोडायचो ती जागा त्या खांबापासून हाकेच्या अंतरावरही नव्हती, अगदी पुढ्यात होती. मला फार वाईट वाटलं, आणि या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी सरळ त्यांचा हात धरला.

मग तात्यांनीच विचारलं, कदाचित मला मोकळं करावं म्हणून असेल. "मास्तर, तुमचं रगात सांडलं त्या जाग्याचं म्होरं काय क्येलं त्येंनी?"

ते कुणी कधी विचारलं नव्हतं. मीच ते शेपूट गोष्टीतून छाटून टाकलं होतं. मी आठवून आठवून सांगितलं. दुसऱ्या पाळीचा माणूस त्या लेथला हात लावेना. जागा धुतली, नारळ फोडला, तरी कुणी तयार होईना. मग लेथवर गोणपाट टाकून ठेवलं. शेवटी मालकाने लेथ उचलून दुसऱ्या भिंतीला नेला, आणि ती जागा तशीच राहिली. मी वर्कशॉप सोडलं तोवर तिथे कुणी काही मांडलं नाही.

"पडीक ठिवली?" तात्यांनी विचारलं.

"पडीकच."

त्यांनी खांबावरचा हात काढून घेतला. इतका वेळ शांत असलेला चेहरा एकदम बदलला. टाचेत कीस गेलेला पोरगा त्या दिवशी कुठे उभा होता ती जागा त्यांनी शोधली, वाकून तिथल्या सिमेंटवर हात फिरवला. मग मला म्हणाले, "ह्या पोरास्नी कुटं काय कळतंय. उद्या एकाद्याचं सांडलं म्हंजी ह्ये खळं बी पडीकच?" मी काही बोललो नाही. करीमभाईंची शिकवण तेवढी तरी त्या क्षणी कामाला आली. तात्या मागच्या दाराने वाडीकडे निघून गेले. मी कुलूप लावणाऱ्याची वाट बघत तिथेच बसून राहिलो.

रविवार मी कसा काढला ते मंडळींना विचारा. सोमवारी भोंग्याच्या आधीच देवधरसाहेब दारात उभे होते, शेजारी गेटवरचा जमादार. वाडीची माणसं आली. तात्या पुढे, अनवाणी. साहेबांनी जमादाराकडे बघितलं.

तात्यांच्या काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी पायरीवर सोडलं. आत बूट, तळापर्यंत धुऊन पुसलेले आणि दोन्हींच्या टोकांवर हळदकुंकवाची बोटं. साहेबांना म्हणाले, "सायेब, घालतू. पर ह्ये बूट रस्त्याव न्यायचे न्हाईत. हितंच ऱ्हातील. भायेरची घान आत येनार न्हाई." मग खाली बसून त्यांनी बूट चढवले. नाड्या बांधायचं त्यांना जमेना. मी वाकून बांधून दिल्या. मागे वळून त्यांनी पोरांना एवढंच सांगितलं, "घाला रं. खळ्यात रगात सांडाया नगं." आणि माझं सोमवारचं व्याख्यान त्या दिवशी रद्द झालं, कारण सांगायचं काही उरलंच नव्हतं.

देवधरसाहेबांना हळदकुंकू लावलेल्या बुटांचं काय करावं ते समजेना. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही असं सांगितलंत तरी काय?" मी म्हटलं, मी नाही, त्यांनी सांगितलं. मग खांबाची हकिकत ऐकवली, तात्यांच्याच शब्दांत, एक शब्द न वाढवता. दुपारी साहेबांनी सुताराला बोलावून शॉपच्या दारात बूट ठेवायला फळ्या मारून घेतल्या. बाहेरच्या चपला बाहेर, आतले बूट आत, अशी पद्धत पडली. पुढे मोठमोठे पाहुणे कारखाना बघायला यायचे आणि या शिस्तीचं कौतुक करायचे. साहेब नुसते 'हो, हो' म्हणायचे.

त्याच वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी मशीन बंद करून, पुसून, त्यांची पूजा करतात. आदल्या दिवशी तात्या माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, उद्या मशीन बंद ऱ्हातील. कीस झाडल्याला आसंल. उद्या एक डाव बूट न घालता जाऊ का? सायबास्नी इचारता?" मी विचारलं. साहेबांनी मला शॉप दोनदा झाडून घ्यायला सांगितलं, आणि सकाळी स्वतः हातात बॅटरी घेऊन लेथच्या खाली कुठे कीस राहिलाय का ते वाकून वाकून बघितलं.

तात्या अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून आले. दारात बूट काढले. कितीतरी वर्षांनी मी त्यांना धोतरात पाहिलं असं मला वाटलं, प्रत्यक्षात काही महिनेच झाले होते. आम्ही सगळे दारातच उभे राहिलो, आत कुणी गेलं नाही. ते सावकाश चालत त्या खांबापाशी गेले आणि त्याच्याभोवती, मळणीचे बैल फिरतात तसे, एक फेरा घालून आले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. नुसते चालले.

परत आल्यावर मी त्यांना पायरीवर बसायला जागा दिली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "झालं समाधान, तात्या?"

त्यांनी तळपाय हाताने पुसला. "खाली आता सिमिट हाय, त्ये मला कळतंय, मास्तर," म्हणाले. "पर पायाला न्हाई कळत."

मग त्यांनी बूट ओढून घेतले आणि नाड्या आपल्या आपण, घट्ट बांधल्या.